वळणाला नाव नाही

४ एप्रिल, शनिवार

एकही नाही म्हणे! त्या वळणावर एकही अपघात नाही. "आमच्या नोंदीत नाही, म्हणजे झालेला नाही." रस्ते खात्यातल्या कारकुनानं तोंडावर सांगितलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि बघतो चष्म्याच्या वरून. मग घातलायस कशाला बाबा?

मी म्हटलं, भाऊ, माझं पंक्चरचं दुकान त्या वळणावरच आहे. गेल्या महिन्यात दूधवाला गाडीसकट माझ्या टायरांच्या ढिगात येऊन घुसला. ढीग होता म्हणून वाचला. तो अपघात नव्हता तर काय, पाहुणा आला होता?

"असेल मावशी. पण नोंदीत नाही. नोंद नाही तर गतिरोधक नाही."

म्हटलं, दाखव नोंद.

"दाखवता येत नाही. आतली माहिती आहे."

आतली! रक्त सांडतं रस्त्यावर, चारचौघांत, आणि माहिती मात्र आतली.

घरी येऊन भांडी आपटली. सून म्हणाली, "आई, डॉक्टरांनी ओरडू नका म्हणून सांगितलंय ना? लिहा त्यापेक्षा." टायर कंपनीची डायरी कोरी पडली होती, ती घेतली. चौथीपर्यंत शाळा माझी, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मला वाचता आलं की झालं.

५ एप्रिल, रविवार

हे सगळं त्या फाटकामुळं. शाळेनं नवीन फाटक काढलंय — बरोब्बर वळणावर. पंधरा जूनला उघडणार. चिमणी, माझी नात, यंदा पहिलीत, म्हणजे त्याच फाटकानं जाणार-येणार. त्या वळणावर झाडी आणि भिंत. समोरून येणारा ट्रक दिसत नाही. ऐकू आला की आलाच.

मुलगा स्वतः ट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी. सून कपड्यांच्या कारखान्यात. ह्यांची कंबर गेलेली, दुकानात बसून नुसत्या सूचना. "अगं, पाना उलटा धरलायस." म्हणजे पोरीला रस्ता ओलांडून द्यायची मीच. आणि माझा हात टायरात अडकलेला असताना ती सुटली एकटी, तर? तिला चालणं माहीतच नाही. पळते.

गतिरोधक पाहिजे. पंधरा जूनच्या आत.

७ एप्रिल, मंगळवार

साहेबांना भेटले. म्हणजे बाकड्यावर बसून राहिले, ते जेवायला निघाले तेव्हा आडवी गेले. माणूस सभ्य आहे. उभ्या उभ्या ऐकून घेतलं.

म्हटलं, साहेब, गतिरोधकाचं राहू दे. तुमच्याकडं कुठं किती अपघात झाले ते लिहिलेलं असतं. ते बाहेर भिंतीवर लावायला काय होतं?

"वरून आदेश नाही."

नाही म्हणून सांगणारा आदेश आहे का?

घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "तसाही नाही."

हे बरंय! लावू नका असं कुणी सांगितलेलं नाही, लावा असंही नाही, म्हणून लावायचं नाही. आमच्याकडं जेवायला सगळे बसतात आणि पहिला घास कुणी घ्यायचा म्हणून अन्न निवतं, तसलं.

८ एप्रिल, बुधवार

माझा हिशेब साधा. लपवतात म्हणजे खातात. त्या चष्मेवाल्या कारकुनाला, म्हणजे चष्म्याला, जाऊन तोंडावर म्हटलं, कुणाचं खाल्लंस रे? ट्रकवाल्यांचं की कंत्राटदाराचं?

बिचारा लाल झाला. त्याच्यापुढं डबा उघडा होता, त्याकडं बोट दाखवून म्हणाला, "हे खातो मावशी. बायकोनं दिलेलं. दुसरं काही नाही."

मग का लपवतोस?

"झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली आणि आत चूक निघाली, तर नाव कुणाचं? माझं. नाही उघडली तर कुणाचंच नाही."

मला त्याचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. उलट डोक्यात भुंगाच सोडला त्यानं. म्हणजे चोरी नाही. भीती आहे. भीतीला कसला पाना लागतो?

११ एप्रिल, शनिवार

आज एक नवा उद्योग काढला. दुकानात ट्रक थांबला की ड्रायव्हरला विचारायचं — तुमच्या गावाकडं सरकारी लोक असली माहिती उघडी करतात का? आणि करत असतील तर का? टायर निघेपर्यंत त्याला तरी दुसरं काय काम!

पहिला म्हणाला, "आमच्याकडं लावतात हो मावशी. बाहेर पाटीच आहे. मोठ्या साहेबांचा स्वतःचा भाऊ खड्ड्यात पडला, तेव्हापासून."

बरं झालं पडला.

हे म्हणाले, "गिऱ्हाइकाला छळू नकोस."

मी म्हटलं, तुम्ही झोपा.

१३ एप्रिल, सोमवार

दुसरा, मिशीवाला. त्याच्याकडं म्हणे लोक रोज इतके यायचे विचारायला, की कारकून वैतागला आणि एक दिवस सगळं दारावर चिकटवून मोकळा झाला. आता तिथं शांत झोपतो.

तिसरा म्हणाला बक्षीस मिळतं. जे खातं जास्त उघडं करेल त्याला ढाल. मग दोन खात्यांत अशी जुंपली की नको ते पण लावलं — ऑफिसच्या मांजराला किती दूध लागतं ते सुद्धा. खोटं बोलत असेल. पण हसले पोटभर.

चौथा म्हणाला, त्यांच्याकडं लावलं होतं, नवा साहेब आला आणि काढून टाकलं. का? "त्याचं त्याला माहीत."

म्हणजे कसं बघा. एकाकडं दुखलं म्हणून, एकाकडं वैतागून, एकाकडं चुरस म्हणून. चांगली गोष्ट आहे म्हणून करू या, असं म्हणणारा एकही भेटला नाही! असेल कुठंतरी. त्याची ट्यूब अजून फुटली नसेल.

१७ एप्रिल, शुक्रवार

खात्यात पुन्हा. आता शिपाई मला बघून पंखा लावतो.

जिन्यात एक मुलगी एकटीच जेवत होती. मुलगी कसली, तिशी उलटलेली. तिथली कॉम्प्युटरवाली. शेजारी बसले. तिनं न विचारता चपलेतले पाय सरकवून जागा दिली, म्हणजे माणूस बरं.

म्हणते, "मावशी, सगळा नकाशा तयार आहे माझ्याकडं. दोन वर्षं झाली. जिथं अपघात तिथं लाल ठिपका. एक बटण दाबलं की कुणालाही घरी मोबाइलवर दिसेल."

मग दाब की मेले!

"सही लागते. पहिले साहेब म्हणाले बघू. ते गेले. दुसऱ्यांना पहिल्यापासून समजावलं, ते म्हणाले छान आहे, बघू. ते पण गेले. हे तिसरे. आता समजावायचा कंटाळा आलाय."

कंटाळा आला म्हणून अर्धं पंक्चर काढून कुणी गिऱ्हाइकाला देतं का? बोलले तिला तसं. तिनं डबा बंद केला. वाटलं, दुखावली. तर म्हणते, "साहेब आत्ता आत आहेत. तुम्ही पण चला."

१७ तारीख, पुढचं — सून आली होती मध्ये, हिंगाची डबी विचारायला.

आत गेलो. साहेब फोनवर. समोरचा माणूस बहुतेक मोठ्या दवाखान्यातला. साहेब विनवण्या करत होते — "अहो, नुसता आकडा द्या, किती जखमी आले महिन्याला. मला रस्त्यासाठी वर मागणी करायचीय, आकड्याशिवाय कोण विचारतो?" आणि पलीकडून काय आलं असेल? साहेबांचा चेहराच सांगत होता. फोन ठेवून म्हणाले, "आतली माहिती आहे म्हणे."

मला हसू आवरेना! अगदी मोठ्यानं आलं. चष्मा दारातून डोकावला.

साहेब आधी चिडले. मग खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "बाई, मला कळलंय तुम्ही का हसताय."

कॉम्प्युटरवाली धीट झाली. "सर, दवाखान्यातले म्हणतात तुम्ही तुमचं दिलंत तर आम्ही आमचं देऊ. मागच्या वर्षी पण हेच म्हणाले होते."

"मला कुणी सांगितलं नाही."

"आधीच्या सरांना सांगितलं होतं."

त्यांनी लगेच सही केली नाही. असं गोष्टीत होतं. म्हणाले, सोमवारी बघू.

२० एप्रिल, सोमवार

बघितलं नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

सही झाली! दवाखान्यानं लेखी दिलं म्हणे — तुमचं उघडं झालं त्या दिवशी आमचं. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले होते इतकी वर्षं. ड्रायव्हर लोकांकडून गोळा केलेल्या कारणांत हे एक नव्हतं : दुसऱ्याचं पाहिजे असलं की आपलं सोडवतं.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे उसनवारीच की." कधी कधी बरं बोलतात.

२८ एप्रिल, मंगळवार

आज बटण दाबलं. सुनेच्या मोबाइलवर बघितलं. चिमणी मांडीवर, "आजी, लाल लाल काय?"

लालच लाल. पण आमच्या वळणावर — काहीही नाही! स्वच्छ. आणि पुढच्या पेट्रोलपंपावर ठिपक्यांचा नुसता गोवर उठलाय.

मोबाइल सुनेच्या अंगावर टाकला. डोकं सणसणतंय. एवढा आटापिटा केला आणि खोटं ते खोटंच, फक्त आता सगळ्या जगाला दिसतंय. उघडून काय मिळवलं? माझ्याच हातानं माझं वळण निर्दोष ठरवलं.

२९ एप्रिल, बुधवार

चष्म्याला धरलं. बुबुळं बाहेर यायची बाकी होती माझी. तो म्हणाला, "मावशी, बसा. पाणी प्या. दाखवतो."

त्याच्या कॉम्प्युटरवर 'ठिकाण' म्हणून एक रकाना. त्यात हातानं लिहिता येत नाही, यादीतून निवडायचं. यादीत पूल आहे, बाजार आहे, पंप आहे. वळण नाही. वळणाला नावच नाही! पोलिसांचा फोन यायचा — "पंपाच्या अलीकडं, वळणावर." हा यादी खालीवर करायचा. पंप निवडायचा. त्याच्या आधीचा कारकून पण पंपच निवडायचा, त्यानंच ह्याला शिकवलं.

"रिकामं सोडलं तर पुढं जातच नाही मावशी. काय करू?"

एकदा तरी कुणाला सांगायचं होतंस!

"कोण बघत होतं?"

खरंच, कोण बघत होतं? टबात बुडवल्याशिवाय ट्यूबचं भोक दिसत नाही. हे टायरात गच्च बसलेलं, वरून कसं कळणार.

साहेब म्हणाले यादी बदलायची तर वर लिहावं लागेल, वेळ लागेल. किती? हात हलवला नुसता.

४ मे, सोमवार

आज तमाशा! पंपवाला खात्यात घुसला. मी तिथंच होते, माझं तर तिथं बाकडं ठरलंय आता. पांढरे बूट, हातात मोबाइल, मोबाइलवर आमचा तो गोवर.

"माझ्या पंपाला स्मशान केलंत तुम्ही! गिऱ्हाइकं गाडी न थांबवता जातात. कालच एक बाई म्हणाली, इथं नको, इथं माणसं मरतात!"

साहेब म्हणाले, लेखी द्या.

"लेखी देतो, वकील पण देतो!"

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, अहो, ते ठिपके माझे आहेत.

"तुमचे म्हणजे, वहिनी?"

सांगितलं सगळं. माणूस ऐकता ऐकता थंड झाला. मग माझ्याहून जास्त पेटला. "तुमचे ठिपके तुमच्याकडं घ्या! आजच्या आज घ्या!"

अशी मागणी कुणी आजवर केली असेल का खात्याकडं?

७ मे, गुरुवार

पंपवाला रोज येतो. पोलिसांकडचे जुने कागद काढायला लावलेत त्यानं. चष्म्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलाय, एकेक कागद वाचतो.

"हा माझा नाही. वळण. हा पण नाही. हा... हा माझा. रिक्षा. खांबाला धडकली, मी स्वतः उचललं रिक्षावाल्याला." मग परत, "हा माझा नाही."

खोटं एकही ढकललं नाही त्यानं माझ्यावर. मी लक्ष ठेवून होते. मला वाटत होतं पंपावर काहीच होत नसणार, सगळं वळणावरच. तसं नव्हतं. त्याचे पण चार-पाच निघाले. त्यानं निमूट घेतले.

मधेच एका कागदावर पंपवाल्याचं बोट थांबलं. शाळेतला मुलगा होता, सायकलवर. मला आठवला. त्याची चेन मी बसवून दिली होती.

चष्म्यानं चष्मा काढून पुसला. "मीच टाकला होता पंपावर," म्हणाला. पंपवाल्यानं तो कागद वळणाच्या ढिगावर ठेवला.

८ मे, शुक्रवार

वर लिहिलेलं आठवड्यात मंजूर होऊन आलं. पंपवाल्याच्या वकिलाचं पत्र सोबत जोडलं होतं म्हणे, त्याला चाकं असतात.

यादीत नवीन ठिकाण घालायचं, नाव काय? साहेब म्हणाले 'वळण क्रमांक एक'. चष्मा म्हणाला, "असं कुणी फोनवर सांगणार नाही सर. लोक काय म्हणतात ते घालू या." मिशीवाला ड्रायव्हर म्हणतो तेच मग — टायरवालीचं वळण. कॉम्प्युटरवालीनं माझ्यासमोर टाइप केलं.

ह्यांना सांगितलं. "दुकान माझ्या नावावर, वळण हिच्या!" दिवसभर कुरकुर. आलेल्या प्रत्येकाला मात्र सांगत होते.

१२ मे, मंगळवार

ठिपके सरकले. वळण लाल झालं.

आनंद झाला म्हणावं तर तसं नाही. इतके असतील असं मलाही वाटलं नव्हतं. मी तिथंच बसते, मीच बघते, तरी एकेक करून बघितलेलं विसरतं माणूस. एकत्र बघितलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

दवाखान्यानंही आकडे लावलेत. आणि कॉम्प्युटरवाली सांगत होती, पाणी खात्यानं फोन केला — तुम्ही कसं केलंत, आम्हाला पण दाखवा. विचारलं, त्यांना कशाची हौस आली? म्हणाली, "त्यांचे साहेब आणि आमचे साहेब एकाच वर्गात होते. आमच्या साहेबांचं नाव झालेलं त्यांना सहन होत नाही."

हे पण माझ्या कारणांत घालते.

१९ मे, मंगळवार

नाही म्हणतात! साहेब स्वतः दुकानात आले सांगायला. ह्यांनी स्टूल पुसून दिलं.

"बाई, वळणावर गतिरोधक घालता येत नाही. भरलेला ट्रक तिथं ब्रेक मारेल आणि आडवा पडेल. फाटकावरच पडेल."

मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"थांबा. दोन गोष्टी. शाळेला लेखी दिलंय, रस्ता नीट होईपर्यंत नवं फाटक उघडायचं नाही. जुन्यानंच मुलं जातील. आणि ह्या आकड्यांवर वर मागणी केलीय — वळणच काढून टाकायचं. रस्ता सरळ. पन्नास वर्षांची कटकट जाईल."

सरळ! मला हे सुचलंच नव्हतं. मी एक उंचवटा मागत होते, त्यांनी आख्खा रस्ता मागितला.

चहा पाजला. कधी नव्हे ती साखर जास्त घातली.

जाताना म्हणाले, "एक विचारू? तुम्ही अशा हात धुऊन का मागं लागलात?" म्हटलं, चिमणी पळते. त्यांना कळलं नसावं. मान हलवून गेले.

२ जून, मंगळवार

मंजूर! चष्मा सायकल मारत आला सांगायला, घामाघूम. "मावशी, झालं. लवकरच आराखडा भिंतीवर लागेल. आता आमच्याकडं सगळं आधी लावतात, मग करतात. साहेबांचा नियम."

आधी? पूर्वी काय व्हायचं?

"पूर्वी मशीन दारात आलं की कळायचं."

सुनेनं ऐकून मला मिठी मारली. एरवी आमच्यात असलं काही नाही. दुकानाच्या वाटेवर चिमणी रोज माझा हात सोडून पळायला बघते, आज दोनदा ओरडले तिच्यावर, डॉक्टर गेला खड्ड्यात.

९ जून, मंगळवार

आराखडा लागला. सरळ काळी रेघ. रेघेखाली एक चौकोन, त्यात लिहिलंय : टायरचे दुकान, हटवणे.

दोनदा वाचलं. माझं वाचणं कच्चं म्हणून चष्म्याकडून वाचून घेतलं. तेच.

हरकतीला पंधरा दिवस. चष्मा माझ्याकडं न बघता म्हणाला, "एक जरी हरकत आली तरी फाईल दोन-तीन वर्षं झोपते मावशी. अर्ज मी लिहून देतो. तुम्ही फक्त सही करा."

अजून कुणाचं काही जातंय का?

"रेघेखाली तुम्ही एकट्याच."

आणि तोवर फाटक?

"बंद राहील. असं पत्र तरी आहे. साहेब बदलले तर... माहीत नाही."

हरकतीच्या अर्जाचा कागद हातात घेतला. कोरा. घरी आले तर चिमणी दारातून पळत आली, रस्त्याकडं न बघता.

कागदानं चूल पेटवली. ह्यांना उद्या सांगते.